एक सत्र हायडेलबर्गमध्ये: आधी पत्ता, मग बाकीचं

एक्सचेंजला, म्हणजे एका सत्रापुरतं परदेशी विद्यापीठात शिकायला, जायचं म्हटलं की ज्युनिअर पहिला प्रश्न विचारतात, स्कॉलरशिप किती मिळते. पैशांचं नंतर बघू, आधी कॅलेंडर काढा. जर्मनीतलं हिवाळी सत्र कागदोपत्री 1 ऑक्टोबर ते 31 मार्च असतं. प्रत्यक्षात वर्ग ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात, नाताळात मोठी सुट्टी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला व्याख्यानं संपतात आणि मग परीक्षा. आपल्याकडे तोवर जानेवारीत पुढचं सत्र सुरू होऊन पहिली युनिट टेस्टही झालेली असते. उन्हाळी सत्र तर आणखी अडचणीचं. ते एप्रिलमध्ये सुरू होऊन जुलैच्या अखेरपर्यंत वर्ग चालतात, म्हणजे इथली दोन्ही सत्रं अर्धी-अर्धी बुडणार.

यातून बरी वाट एकच. ज्या सत्रानंतर इथे प्रकल्प आहे, त्या सत्रात जा. मी पुण्यात भौतिकशास्त्राच्या एमएस्सीला होते. तिसरं सत्र हायडेलबर्गला केलं आणि चौथ्यात फक्त प्रकल्प ठेवला. फेब्रुवारीच्या शेवटी येऊन सुरू करेन, तोवर वाचन तिथून करेन, असं मार्गदर्शक सरांशी बोलून ई-मेलवर लिहून घेतलं होतं. इंजिनिअरिंगवाल्यांना सातवं सत्र जमतं, पण प्लेसमेंटच्या मुलाखती तेव्हाच असतात, त्याचा हिशेब आधी करा.

दुसरी गोष्ट, जायचं ते करारातून. तुमच्या विद्यापीठाचा तिकडच्या विद्यापीठाशी करार असेल आणि तुमचं नाव इथून पाठवलं गेलं, तर तिकडची फी माफ होते. इथली फी मात्र भरत राहायची. हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आहे, तिथे 2017 च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो फी आहे. करारातून आलेल्यांना ती लागत नाही. याच राज्याशी महाराष्ट्राची 2015 पासून भागीदारी आहे, त्यामुळे तिथल्या विद्यापीठांशी आपल्याकडच्यांचे करार असण्याची शक्यता बरी. करारांची यादी वेबसाइटवर नसते, असली तर जुनी असते. आंतरराष्ट्रीय विभागात स्वतः जाऊन बसा. बाबा म्हणायचे, सरकारी कचेरीत फोन करणारा आणि समोर बसणारा यात फरक असतो. विद्यापीठालाही ते लागू आहे.

क्रेडिटचा कागद

लर्निंग अ‍ॅग्रीमेंट नावाचा एक तक्ता असतो. डावीकडे तिथले विषय, उजवीकडे त्याबदल्यात इथले कोणते माफ होणार, खाली तीन सह्या: तुमची, इथल्या विभागाची, तिथल्या विभागाची. हा कागद पूर्ण झाल्याशिवाय तिकीट काढू नका. ‘तू जा, आल्यावर बघू’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं, पण तुम्ही परत येईपर्यंत विभागप्रमुख बदललेले असू शकतात.

युरोपात पूर्ण सत्र म्हणजे 30 ईसीटीएस (तिकडच्या सामायिक पद्धतीची) क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचं एकूण काम, वर्गातलं आणि घरचं मिळून. आपल्याकडे सत्राला वीस-बावीस क्रेडिट असतात. म्हणजे तिथला 8 क्रेडिटचा विषय इथल्या साधारण साडेपाचच्या तोडीचा. हा भाव कोणता धरायचा ते लेखी ठरवून घ्या. गुणांचंही तसंच. जर्मनीत 1.0 सर्वोत्तम, 4.0 म्हणजे जेमतेम पास, 5.0 म्हणजे नापास. इथल्या परीक्षा विभागातल्या एखाद्या क्लार्कने 1.3 हा आकडा दहापैकी समजला तर काय होईल, कल्पना करा. रूपांतराचं कोष्टक त्याच कागदाला जोडून घ्या.

आणि तीसच्या तीस क्रेडिट घेण्याच्या भरीला पडू नका. हायडेलबर्गला मास्टर्सचे सैद्धांतिक विषय इंग्रजीत असतात आणि बहुतेक 8 क्रेडिटचे. तसे दोन आणि एक हलकासा सेमिनार, एवढ्यात सत्र भरतं. मी सामान्य सापेक्षता आणि सांख्यिकीय भौतिकी घेतलं. क्वांटम फील्ड थिअरीही घ्यावं असं फार वाटत होतं, पहिल्या दोन आठवड्यांतला गृहपाठ बघून सोडलं. सुरुवातीच्या आठवड्यांत विषय बदलता येतो, फक्त बदललेल्या तक्त्यावर पुन्हा तीन सह्या लागतात. म्हणून मूळ तक्त्यात एक-दोन पर्यायी विषय आधीच लिहून ठेवा.

पैसे आणि व्हिसा

जर्मनीला तुम्ही महिन्याचा खर्च भागवू शकता याचा पुरावा हवा असतो. स्कॉलरशिप पुरेशी असेल तर तिचं पत्र चालतं. नसेल तर ब्लॉक्ड अकाउंट. 2024 च्या सप्टेंबरपासून त्यात भरायची रक्कम महिन्याला 992 युरो आहे. सहा महिन्यांचे झाले 5,952, म्हणजे युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाख. हे पैसे आधी भरायचे आणि तिथे पोचल्यावर दर महिन्याला ठरलेला हप्ता आपल्यालाच परत मिळतो. खर्च होऊन गेले असं समजून आईने देवापुढे हात जोडले होते, तिला हे समजावायला वेळ लागला. बँकेतून पाठवताना ए-2 फॉर्म भरावा लागतो आणि कारण ‘शिक्षण’ असंच लिहायचं. वर्षाला दहा लाखांच्या आत असेल तर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर, कापला जात नाही.

तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असल्याने शेंगेन टुरिस्ट व्हिसा चालत नाही, नॅशनल व्हिसा लागतो. फी 75 युरो. महाराष्ट्र-गोव्यातले अर्ज मुंबईतल्या जर्मन वकिलातीकडे जातात. निर्णयाला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागू शकतात, म्हणून तिकडचं प्रवेशपत्र हातात आलं की त्याच आठवड्यात वेळ मागायला बसा.

नावाची एक खास मराठी अडचण आहे. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. तिकीट, ब्लॉक्ड अकाउंट, आरोग्य विमा, विद्यापीठाचा अर्ज, सगळीकडे ते जसंच्या तसं लिहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असं झालं की संगणकाच्या लेखी तुम्ही दोन वेगवेगळ्या व्यक्ती होता. तिथले सहाध्यायी मला महिनाभर सुरेश म्हणत होते, कारण यादीत तेच शेवटी छापलं होतं. बाबांना हे कळल्यावर ते फार खूष झाले.

विमा तिथलाच सरकारी घ्यावा. विद्यार्थ्यांचा हप्ता महिन्याला सव्वाशे ते दीडशे युरोच्या घरात जातो, स्वस्त नाही. पण तो असल्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदवून घेत नाहीत. विमा कंपनी ते विद्यापीठाला परस्पर ऑनलाइन कळवते, म्हणून भारतातूनच अर्ज करून ठेवता येतो.

खोली, म्हणजे पत्ता

या सगळ्यात सर्वांत जास्त जीव खाते ती खोली. हायडेलबर्ग लहान गाव आहे आणि विद्यापीठ 1386 पासूनचं, जर्मनीतलं सर्वांत जुनं. म्हणजे विद्यार्थी पुष्कळ आणि खोल्या कमी. ऑक्टोबरमध्ये तर परिस्थिती अगदी बिकट. तुम्ही करारातून येत असाल तर श्टुडिरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थी कल्याण संस्थेच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच भरा. भाडं साधारण तीनशे ते साडेचारशे युरो, वर अनामत. पर्याय विचारतात तेव्हा ‘फक्त जुन्या शहरात हवी’ असलं काही लिहू नका. नॉयेनहाइमर फेल्डचा परिसर बाहेरून रुक्ष दिसतो, पण विज्ञान विभाग, मोठी मेस, वनस्पती उद्यान, दवाखाने सगळं तिथेच आहे. किल्ल्याखालच्या जुन्या शहरात बसने पंधरा-वीस मिनिटांत जाता येतं. जुन्या शहरात राहून रोज किल्ला बघण्यापेक्षा सकाळी आठला वर्गात पायी पोचणं जास्त मोलाचं, हे डिसेंबरात पटतं.

बाहेर खासगी खोली शोधत असाल तर एक प्रकार नक्की भेटेल. सुंदर फोटो, भाडं संशयास्पद कमी, मालक ‘सध्या लंडनमध्ये’, अनामत पाठवली की किल्ली कुरिअरने येईल. माझ्या ओळखीच्या एका मुलाला अगदी हेच पत्र आलं होतं, सोबत पासपोर्टची प्रतसुद्धा. प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओ कॉलवर माणूस आणि खोली दोन्ही बघितल्याशिवाय एक युरो पाठवायचा नाही. सत्रापुरतं परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याची खोली मधल्या काळापुरती घेणं, हा एक्सचेंजवाल्यांसाठी चांगला मार्ग आहे. भांडीकुंडी, गादी, दिवा सगळं असतं. फक्त एक विचारा: या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येईल का?

कारण पुढची सगळी साखळी तिथून सुरू होते. आनमेल्डुंग म्हणजे राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत बुर्गरआम्टमध्ये, म्हणजे पालिकेच्या नागरिक कार्यालयात, जाऊन पत्ता नोंदवणं. त्याला घरमालकाच्या सहीचा एक फॉर्म लागतो, व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, नाव बारा डब्यांच्या लोकलएवढं लांब. सहीचा फॉर्म नाही तर नोंदणी नाही. नोंदणीचा कागद नाही तर बहुतेक बँका खातं उघडत नाहीत. खातं नाही तर ब्लॉक्ड अकाउंटचा हप्ता कुठे येणार? आणि हप्ता नाही तर भाडं कशातून द्यायचं? म्हणून दोन गोष्टी करा. बुर्गरआम्टची वेळ भारतातून निघण्याआधीच ऑनलाइन घेऊन ठेवा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्या पटापट संपतात. आणि पहिल्या महिन्याचं भाडं, अनामत, खाणंपिणं एवढे पैसे फॉरेक्स कार्डावर वेगळे ठेवा. हजार ते दीड हजार युरो असले की घाम फुटत नाही.

पत्रपेटी हा विषय कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. जर्मनीत पोस्टमन खोली क्रमांक बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात वेगळ्या दिवशी, विम्याचं कार्ड तिसऱ्या, कराचा क्रमांक चौथ्या, सगळं टपालाने. खोलीत पाऊल टाकलं की बॅग उघडायच्या आधी आडनावाची पट्टी पेटीवर आणि बेलवर चिकटवा. मी बोर्डिंग पासच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करने लिहिली होती, महिनाभर तीच होती.

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल. टीव्ही नसला तरी येईल. दर घरामागे महिन्याला 18.36 युरो, माणशी नाही. सामायिक फ्लॅटमध्ये एक जण भरत असेल तर त्याचा क्रमांक मागून उत्तर पाठवा. फेकून मात्र देऊ नका, थकबाकी साचत जाते.

अभ्यास

हजेरी बहुतेक व्याख्यानांना नसते, आणि इथेच आपली मुलं घसरतात. हजेरीऐवजी आठवड्याचा गृहपाठ आहे. दर आठवड्याला चार-पाच गणितांचा कागद, दोघा-तिघांच्या गटाने सोडवून द्यायचा. शिकवणीच्या तासाला ट्यूटर कोणालाही फळ्यापाशी बोलावतो आणि तुम्ही लिहिलेलं तुम्हाला कळलंय का ते तिथे उघडं पडतं. साधारण निम्मे गुण मिळाले तरच अंतिम परीक्षेला बसता येतं. सैद्धांतिक भौतिकीच्या इमारती फिलॉसॉफेनवेगवर आहेत, नदीच्या उत्तर काठच्या टेकडीवर. कागद द्यायला तो चढ चढून जाताना ओल्या पानांवरून घसरायला होतं. माझ्या गटात एक इटालियन मुलगा आणि स्थानिक मुलगी होती. तिची सवय अशी की उत्तर आलं तरी थांबायचं नाही, एकक तपासायचं, एखादी राशी शून्याकडे नेऊन उत्तर पटतं का बघायचं, मग दुसऱ्या पद्धतीने पुन्हा. पहिल्यांदा माझा जीव वैतागला. नोव्हेंबर संपेपर्यंत मीही तेच करत होते, आणि सत्रातून काय आणलं असं कोणी विचारलं तर मी तेवढंच सांगते. गट पहिल्याच आठवड्यात शोधा, आणि तो पूर्ण भारतीय नसलेला बरा.

वेळापत्रकात 9 लिहिलं असेल आणि पुढे ‘सी. टी.’ असेल तर तास सव्वानऊला सुरू होतो. ‘एस. टी.’ असेल तर बरोबर नऊला. व्याख्यान संपल्यावर टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर ठोकतात.

परीक्षेला स्वतंत्र नावनोंदणी करावी लागते, विषयाला बसलात म्हणून परीक्षेलाही नाव आपोआप गेलं असं नसतं. पोर्टलवर तारीख येते, ती गेली की गेली. तुमचं परतीचं तिकीट फेब्रुवारीत असेल तर प्राध्यापकांना डिसेंबरातच भेटून विचारा. काही जण एक्सचेंजवाल्यांची तोंडी परीक्षा आधी घेतात. संकोच करू नका, त्यांना अशा विनंत्यांची सवय असते.

जर्मन किती यायला हवी? इंग्रजीतल्या मास्टर्ससाठी विद्यापीठ मागत नाही. पण बुर्गरआम्ट, घरमालक आणि विम्याची पत्रं जर्मनमध्ये. पुण्यात असाल तर सबब चालणार नाही. मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. जर्मनच्या ए-2 पातळीपर्यंत करून जा.

सामान आणि रोजचं

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा राहू द्या. गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, बाकरवडी चालते. डाळ-तांदूळ तिथे मिळतात, नेण्यात अर्थ नाही. छोटा कुकर न्या. आपली दोन बारीक पिनांची चार्जरं तिथे चालतात, तीन पिनांचं काही चालत नाही. जाड जॅकेट तिथेच घ्या. आत्याने दिलेला स्वेटर फोटोपुरता ठीक.

रविवारी दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळीच भाजी-दूध घ्या. प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, सुपरमार्केटातल्या यंत्रात बाटली टाकली की परत मिळते. जुन्या शहरातल्या मार्श्टालच्या मेसमध्ये ताट वजनावर असतं, तिथे बटाटा कमी वाढून घ्यायला लवकर शिकाल. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची, खिडकी किंचित कलती ठेवून हीटर चालू ठेवायचा नाही. भिंतीला बुरशी धरली तर अनामतीतून कापतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ एक तास मागे जातं आणि भारताशी फरक साडेतीनवरून साडेचार तासांचा होतो. घरच्यांना आधी सांगा, नाहीतर ठरल्या वेळी फोन आला नाही म्हणून आई शेजाऱ्यांना गोळा करते.

डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि मनही पडतं. त्या दिवसांत मी बेर्गहाइममधल्या दक्षिण आशिया संस्थेच्या ग्रंथालयात जाऊन बसायचे. 1962 साली निघालेली ही संस्था. धनगरांच्या ओव्या, खंडोबा, बिरोबा यांवर आयुष्य घालवलेले ग्युंथर सोन्थायमर इथलेच. जेजुरीबद्दलचं इतकं काही मी कऱ्हाडात राहून वाचलं नव्हतं.

निघताना

जानेवारी लागला की परतीची कामं सुरू करा, परीक्षेच्या धांदलीत ती राहून जातात. खोलीच्या कराराची शेवटची तारीख बघा, मुदतीआधी सोडायची असेल तर नोटीस लागते. बुर्गरआम्टमध्ये पत्ता रद्द करण्याचा अर्ज निघण्याच्या आठवडाभर आधीपासून देता येतो. त्याचा जो कागद मिळतो तो जपा. विमा, रेडिओ शुल्क, ब्लॉक्ड अकाउंटमधली शिल्लक, सगळे तोच मागतात. बँक खातं मात्र लगेच बंद करू नका, कारण खोलीची अनामत परत यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि ती जर्मन खात्यात येणं सोपं.

गुणपत्रक हातात मिळत नाही, प्राध्यापकांनी गुण भरल्यावर विभाग तयार करतो. कोण तयार करतं त्या बाईंचं नाव आणि ई-मेल निघण्याआधी विचारून घ्या, आणि पीडीएफ थेट तुमच्या इथल्या परीक्षा विभागाला, प्रत तुम्हाला, अशी विनंती करा. इथे पोचल्यावर लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, कोष्टक आणि गुणपत्रक एकत्र टाचून दोन प्रती द्या आणि एका प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. माझं क्रेडिट जमा व्हायला मे उजाडला, शिक्का होता म्हणून मला कोणी ‘कागदच आला नाही’ म्हणू शकलं नाही.